धंद्याचा राजीनामा

नोकरी सोडणाऱ्या मनुष्याला एक मोठी सोय असते. त्याच्यापुढें एक धनी असतो, एक कचेरी असते आणि मुदतीचा एक नियम असतो. तो चार ओळींचा कागद लिहितो, ठरलेली मुदत भरतो, हातांतील किल्ल्या व कागद सोंपवितो आणि निरोप घेऊन बाहेर पडतो. कोणाचें काय येणें राहिलें व कोणाचें काय देणें राहिलें हें कचेरीच्या दप्तरांत लिहिलेलें असतें. परंतु जो मनुष्य आजवर आपल्या हिमतीवर स्वतःचा धंदा करीत आला आणि आतां तो बंद करून दुसऱ्याच्या कचेरींत नोकरीस जाऊं पाहतो, त्यानें आपला राजीनामा कोणाच्या हातीं द्यावा? त्याच्यावर धनी नव्हता, म्हणून त्याला निरोप देणाराही कोणी नाहीं. त्यानें आज दुकानाला कुलूप लावलें आणि उद्यां दहा वाजतां कचेरींत जाऊन बसला, तर कायदा बहुधा त्याला हटकणार नाहीं. तरीही अशा मनुष्याबद्दल लोक मागें बोलतात. एकाबद्दल म्हणतात कीं तो रीतीनें गेला, आणि दुसऱ्याबद्दल म्हणतात कीं तो पाठ फिरवून गेला. हा भेद कशावरून पडतो याचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वीं एक जुना ग्रह वाटेंतून दूर केला पाहिजे. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी ही म्हण लहानपणापासून आपल्या कानांवर पडते, आणि तिच्यामुळें धंदा सोडून नोकरी धरणें म्हणजे वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरणें अशी समजूत मनांत घर करून बसते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ब्राह्मणाच्या उपजीविकेचे प्रकार सांगतांना सेवेला श्ववृत्ति, म्हणजे कुत्र्याचें जिणें, असें नांव दिलें आहे. तिकडे रोमन पंडित सिसेरो यानेंही इ. स. पूर्वीं ४४ सालीं लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत, मजुराला मिळणारी मजुरी हा त्याच्या दास्याचा विसारच होय अशा अर्थाचें लिहिलें आणि शेतीची मात्र तोंड भरून स्तुति केली. इतक्या दूरच्या दोन समाजांनीं सेवेविषयीं एकच मत द्यावें, तेव्हां तें खरेंच असलें पाहिजे, असें कोणास वाटेल. पण थोडें बारकाईनें पाहिलें म्हणजे ह्या प्रतवारीचा भरंवसा धरवत नाहीं. मनुस्मृतींत त्याच ठिकाणीं व्यापाराला सत्यानृत, म्हणजे खऱ्याखोट्याची भेसळ, म्हटलें आहे, आणि शेतीलाही प्रमृत असें अशुभ नांव दिलें आहे. म्हणजे आमच्या म्हणींतील उत्तम शेतीही तेथें सुटलेली नाहीं. सिसेरोचें मत तर गुलामांच्या श्रमांवर पोसलेल्या जमीनदार वर्गाचें मत आहे. ज्याच्या शेतांत दुसरे राबतात त्याला शेती उत्तम वाटावी यांत नवल तें काय? शिवाय ह्या प्रतवाऱ्या ज्या काळीं झाल्या त्या काळीं सेवा म्हणजे एका व्यक्तीच्या मर्जीची सेवा होती. आजच्या कचेरींतील नोकराला नेमणुकीचा कागद असतो, कामाचे तास ठरलेले असतात, दाद मागण्याची सोय असते. ती सोय कित्येक ठिकाणीं नांवापुरतीच असते हें आम्हांस ठाऊक आहे. तरी दरबारांतला हुजऱ्या आणि बँकेंतला कारकून यांना एकाच मापानें मोजणें बरोबर नव्हे.

ह्या ग्रहाला आपल्या चरित्रवाङ्मयानेंही खतपाणी घातलें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईंतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवीं सायकलींच्या धंद्यांत पडले आणि पुढें १९१० सालीं त्यांनीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. ह्या गोष्टी आपण मुलांना सांगतों, आणि त्या सांगण्यासारख्याच आहेत. परंतु उलट दिशेनें गेलेल्यांच्या गोष्टी सहसा कोणी सांगत नाहीं. सांगितल्या तर हळहळ व्यक्त करण्यासाठीं सांगतात.

स्कॉटलंडचा कवि रॉबर्ट बर्न्स याची गोष्ट अशीच सांगितली जाते. १७८८ सालीं त्यानें डम्फ्रीजजवळ एलिसलंड येथील शेत खंडानें घेतलें. जमीन निकस निघाली आणि कष्ट करूनही खर्च भागेना. तेव्हां १७८९ सालीं त्यानें अबकारी खात्यांत नोकरी धरली. पगार सालीना ५० पौंड, आणि त्यासाठीं आठवड्यास सुमारें २०० मैल घोड्यावरून रपेट करावयाची. शेत आणि नोकरी हीं दोन्ही ओझीं एका खांद्यावर पेलेनात, म्हणून १७९१ सालीं शेत सोडून तो डम्फ्रीज गांवीं राहावयास गेला. कवीनें दारूवरचा कर वसूल करीत हिंडावें याची त्याच्या चाहत्यांना लाज वाटली. नोकरीची किंमतही त्याला मोजावी लागली. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या त्या दिवसांत, १७९२ च्या अखेरीस, त्याच्या राजकीय मतांबद्दल खात्यानें चौकशी चालविली आणि त्याला आपल्या राजनिष्ठेची ग्वाही देत बसावें लागलें. हें सर्व खरें आहे. पण त्याच्या घरीं बायको होती, मुलें होतीं. बुडत्या शेतांत पाय रोवून उभें राहणें आणि दरसाल देणें वाढवीत जाणें, ह्यापेक्षां ठरलेला पगार घेऊन मुलांना जेवूं घालणें हें हलकें कसें ठरतें? बर्न्सनें नोकरींत काय गमावलें हें सर्वांनीं मोजलें. तो शेतावरच राहता तर त्याच्या घरच्यांनीं काय गमावलें असतें, हें मोजण्याच्या भरीस फारसें कोणी पडलें नाहीं.

तेव्हां धंदा श्रेष्ठ कीं नोकरी श्रेष्ठ, हा वाद आम्ही येथेंच सोडून देतों. ज्याचें त्यानें आपल्या शक्तीप्रमाणें व संसाराप्रमाणें तें ठरवावें. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: निघतांना आपण कोणाचें काय देणें लागतों? आमच्या मतें धंदा सोडणाराची लाजअब्रू ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक पाहिलेली हकीकत सांगतों. आमच्या परिचयाचे एक हिशेबनीस आहेत. त्यांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. बाजारांत त्यांना सगळे अण्णा म्हणत, आम्हीही तसेंच म्हणूं. तालुक्याच्या गांवीं पेठेंत एका माडीवर त्यांची बैठक होती, आणि पंचवीस वर्षें ते चाळीसएक लहान दुकानदारांच्या वह्या लिहीत असत. रोजकीर्द, खतावणी, वर्षअखेरचा ताळेबंद आणि कराचे कागद, असें सगळें काम ते करीत. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला. विवरणें संगणकावरून भरावयाचीं, मुदती वरचेवर येणार, आणि मुदत चुकली कीं दंड. अण्णा पन्नाशीच्या घरांत तेंही काम शिकले. परंतु मोठीं गिऱ्हाइकें जिल्ह्याच्या गांवच्या मोठ्या कचेऱ्यांकडे गेलीं आणि लहान गिऱ्हाइकांकडून मिळणाऱ्या पैशांत इतका व्याप परवडेना. डोळे थकले, मुलीच्या शिक्षणाचा खर्च पुढें उभा राहिला. अशा वेळीं एका सहकारी बँकेनें त्यांना आपल्या कर्ज विभागांत जागा देऊं केली.

आपल्यावर कोणाची सत्ता नाहीं, वाटेल त्या दिवशीं आपण हें काम सोडूं शकतों, असें अण्णा पंचवीस वर्षें मानीत आले होते. निघावयाचें मनांत येतांच मात्र चाळीस घरच्या चाळीस दोऱ्या त्यांना एकदम जाणवूं लागल्या. एक म्हातारे किराणा दुकानदार माडीचा जिना चढून आले आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही चाललांत म्हणे. आतां आमचें कसें व्हायचें?" पिठाची गिरणी चालविणाऱ्या एक विधवा बाई दर शनिवारीं आठवड्याच्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यांत घालून आणीत आणि डबा अण्णांपुढें उपडा करीत. त्यांना अण्णा सोडून दुसऱ्या कोणापुढें तो डबा उघडण्याची कल्पनाच सुचत नव्हती.

धंद्यांतील स्वातंत्र्याचा हा गुण आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. स्वतंत्र धंदेवाल्याला हुकूम करणारा कोणी नसतो हें खरें. परंतु त्याच्यावर विसंबून आपला संसार रचणारे पुष्कळ असतात. हुकूम नसल्यामुळें हें विसंबणें दिसत नाहीं, कोठें लिहिलेलेंही नसतें. नोकर गेला तरी खुर्ची मागें राहते आणि चार दिवसांनीं तिच्यावर दुसरा येऊन बसतो. धंदेवाला निघाला कीं खुर्चीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून नोकरापेक्षां त्याच्या जाण्यानें होणारी पोकळी मोठी असते, आणि ती भरण्याची तजवीज करणारें त्याच्यावांचून कोणी नसतें.

ह्या देण्यांतलें पहिलें देणें वेळेचें आहे. बँकेला अण्णा १ फेब्रुवारीपासून हवे होते. हिशेबाचें वर्ष ३१ मार्चला संपतें. फेब्रुवारींत हिशेबनीस निघून जाणें म्हणजे मळणी दोन दिवसांवर आली असतां बैल सोडून नेणें होय. अण्णांनीं मे महिन्यापर्यंत मुदत मागितली. बोलाचाली होऊन १ एप्रिल ठरला, आणि मागें राहिलेले ताळेबंद एप्रिलच्या रात्रीं घरीं बसून पुरे करीन, हें त्यांनीं बँकेला आधींच सांगून ठेवलें. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या २०६ व्या कलमांत असें तत्त्व आहे कीं दुसऱ्याच्या वतीनें काम पाहणारानें तें काम सोडतांना वाजवी पूर्वसूचना दिली पाहिजे, नाहीं तर त्यामुळें होणारें नुकसान भरून दिलें पाहिजे. अण्णा कायद्याच्या अर्थानें मुखत्यार होते कीं नव्हते याचा खल वकिलांनीं करावा. वाजवी म्हणजे किती, हें मात्र कायद्याला सांगतां येत नाहीं; तें त्या त्या धंद्याच्या ऋतूवरून ठरतें. शिंप्याची वाजवी मुदत लग्नसराईवरून, शिकवणीच्या मास्तरांची परीक्षेवरून आणि हिशेबनीसाची मार्चवरून. नवा धनी घाई करतो तेव्हां मनुष्याची परीक्षा होते, कारण नव्या जागेचा मोह पुढें असतो आणि जुन्यांच्या हातीं रागावण्यापलीकडे कांहींच नसतें. येथें आम्ही एवढेंच सुचवितों कीं जो धनी जुन्या गिऱ्हाइकांना दिलेला शब्द मोडून या म्हणतो, त्यानें उद्यां आपल्याला दिलेला शब्द हा मनुष्य पाळील असा भरंवसा धरूं नये.

दुसरें देणें जागा भरून देण्याचें. त्याच गांवांतील एका हिशेबनीसानें अण्णांना सांगितलें कीं तुमचीं सगळीं गिऱ्हाइकें माझ्या हवालीं करा, मी त्याबद्दल रोख रक्कम देतों. अशी देवघेव बेकायदेशीर नाहीं. धंद्याचा नांवलौकिक ही विकतां येण्याजोगी मालमत्ता आहे असें कायदा मानतो. एरव्हीं धंदा करण्यास बंदी घालणारा करार रद्दबातल ठरविणाऱ्या करार कायद्याच्या २७ व्या कलमांतही, नांवलौकिक विकणाऱ्यानें ठराविक हद्दींत तोच धंदा न करण्याचें वचन द्यावें, एवढी सवलत ठेवली आहे. आणि पंचवीस वर्षांच्या मेहनतीचें मोल घेण्यांत पापही नाहीं. दुकान, सामान, पाटी, पत्ता हें सारें विकावें. अण्णांना अडचण वाटली ती निराळी. लोकांनीं आपल्या वह्या अण्णांवर विश्वासून त्यांच्यापाशीं ठेविल्या होत्या. त्यांना न विचारतां त्या दुसऱ्याच्या माडीवर गेल्या तर विश्वासाबरोबर माणसेंही विकल्यासारखें होणार. त्यांनीं प्रत्येकाची वही ज्याची त्याला परत केली, तीन हिशेबनीसांचीं नांवें सांगितलीं आणि म्हटलें, "तुम्हांला पसंत पडेल त्याच्याकडे जा." रोख रक्कम हातची गेली. आमच्या मतें सर्वांना विचारून, त्यांच्या संमतीनें अण्णांनीं तो पैसा घेतला असता तरी चाललें असतें. पण विचारल्यावांचून घेतां कामा नये, हें त्यांनीं बरोबर ओळखलें.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. हिशेबनीसाला पुष्कळ ठाऊक असतें. कोणी मेव्हण्याकडून हातउसने घेतले आहेत, कोणाच्या घरचे दागिने गहाण आहेत, कोणा दोघां भावांचें पटत नाहीं आणि वर्षाच्या आंत दुकान वांटलें जाणार आहे, अशा गोष्टी वहींत थोड्या असतात आणि बोलण्यांत फार असतात. त्यांत लबाडी कांहीं नसते. परंतु कर्ज देणाऱ्याला त्या कळल्या तर कर्ज मिळण्याची पंचाईत होईल. आणि अण्णा निघाले होते ते कर्ज देणाऱ्याच्याच कचेरींत! काल ज्या माणसानें हिशेबनीसापुढें मन मोकळें केलें, तोच उद्यां बँकेंत येऊन त्याच हिशेबनीसाच्या टेबलापुढें अर्ज घेऊन उभा राहणार.

अण्णांनीं ही अडचण बँकेच्या व्यवस्थापकांपुढें मांडली. ते हंसून म्हणाले, "अण्णा, बाजारांतल्या प्रत्येकाची कुंडली तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही आम्हांला हवे आहांत." अण्णांनीं एका रात्रीची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशीं ते म्हणाले, "बाजार कसा चालतो हें मला ठाऊक आहे, तें ज्ञान तुमच्या कामीं लावीन. पण माणसांनीं विश्वासानें जें मला सांगितलें तें त्यांचें आहे. तें घेऊन मला येथें येतां येणार नाहीं." त्यांनीं ज्यांच्या वह्या आपण लिहीत होतों त्यांच्या नांवांची यादी पुढें ठेवली आणि विनंती केली कीं ह्या लोकांचीं प्रकरणें माझ्याकडे निर्णयासाठीं येऊं नयेत. त्या नांवांत गुपित कांहीं नव्हतें. कोणाची वही कोण लिहितो हें बाजारांत सर्वांना ठाऊक असतेंच. व्यवस्थापक म्हणाले कीं अर्धी पेठ ह्या यादींत आहे, मग कर्ज विभागांत तुमचा उपयोग काय? तीन आठवडे बँकेकडून उत्तर आलें नाहीं. इकडे अण्णा जाणार ही बातमी पसरून दोन चांगलीं गिऱ्हाइकें आधींच दुसरीकडे गेलीं होतीं. धंदाही गेला आणि नोकरीही गेली, असे ते तीन आठवडे त्यांच्या घरीं गेले. शेवटीं बँकेनें त्यांना कर्ज विभागाऐवजीं हिशेब खात्यांत जागा दिली. पगार बराच कमी. ती त्यांनीं पत्करली.

येथें विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाहीं. बँकेंत पैसा असतो तो ठेवीदारांचा. त्यांत पेन्शनवर जगणारे असतात, मोलमजुरी करून चार पैसे टाकणाऱ्या बाया असतात. अण्णांना ठाऊक असलेली गोष्ट त्यांनीं गिळून टाकली आणि एखादें कर्ज बुडालें, तर त्या गरिबांचें नुकसान अण्णांच्या माथीं येत नाहीं काय? जुन्या गिऱ्हाइकांशीं इमान राखतांना नव्या धन्याशीं आणि त्याच्यामागें उभ्या असलेल्या ठेवीदारांशीं बेइमानी होत नाहीं काय?

आम्हांस असें वाटतें कीं ह्या आक्षेपाला तीन पायऱ्यांनीं उत्तर दिलें पाहिजे. पहिली गोष्ट ही कीं, ठेवीदारांचा अण्णांवर हक्क आहे तो प्रामाणिकपणाचा आहे; दुसऱ्याच्या घरांतून उचलून आणलेल्या माहितीचा नाहीं. बँकेला चौकशीचीं स्वतःचीं साधनें आहेत. ती अर्जदाराला प्रश्न विचारूं शकते, कागद मागूं शकते, जामीन मागूं शकते. अण्णा बँकेंत आले नसते तर ती जें करती, तेंच तिनें आतां करावें. दुसरी गोष्ट, गप्प बसणें आणि होकार देणें यांत फार अंतर आहे. अण्णा त्या कर्जावर शिफारशीची सही करून गप्प बसते तर तें खोटें बोलणेंच झालें असतें. म्हणूनच त्यांनीं आपला हात त्या कागदापासून अजिबात दूर ठेविला, आणि कां ठेवितों हेंही आधींच सांगितलें. नोकरी धरल्यावर एकेक प्रकरण समोर येतांच कांहींतरी सबब काढून तें टाळणें हा मार्ग सोपा होता. पण तसें प्रत्येक टाळणें हा त्या अर्जदाराविरुद्ध मुका शेराच झाला असता. तिसरी गोष्ट लबाडीची. एखाद्यानें बनावट बिलें करून कर्ज उकळण्याचा घाट घातला आहे असें हिशेबनीसाला ठाऊक असेल, तर विश्वासाच्या नांवाखालीं तें झांकण्याचा हक्क त्याला धंद्यांतही नव्हता आणि नोकरींतही नाहीं. तसल्या वहीला त्यानें पूर्वींच हात लावावयास नको होता. गुपित राखणें हें माणसाच्या अडचणीवर पांघरूण घालण्यासाठीं आहे, त्याच्या गुन्ह्यावर घालण्यासाठीं नाहीं.

इतकें करूनही कांहीं बोचणी शिल्लक राहते हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. हिशेब खात्याच्या खोलींतून अण्णांना पलीकडच्या टेबलापुढें ओळखीचे चेहरे दिसतात, आणि कोणाला कर्ज मिळालें, कोणाला नाहीं, हें कानांवर येतें. दोन्ही बाजूंचें इमान एकाच वेळीं पुरेपूर राखतां येईल अशी व्यवस्था जगांत नेहमीं सांपडत नाहीं. जेथें ती मुळींच सांपडत नाहीं तेथें ती जागा न घेणें हाच एक मार्ग उरतो. सांपडत असेल तेथें तिचें मोल आपल्या पदरचें द्यावें लागतें. अण्णांनीं तें दरमहा कमी पगाराच्या रूपानें दिलें.

पैशाच्या येण्यादेण्याबद्दलही एक सूक्ष्म भेद सांगितला पाहिजे. तुकोबांच्या चरित्रांत परंपरेनें चालत आलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १६३० च्या घोर दुष्काळानंतर त्यांचें मन घरच्या महाजनकीवरून उडालें, तेव्हां त्यांनीं लोकांकडून येणें असलेलीं खतें इंद्रायणींत बुडविलीं. पण बुडविण्याआधीं त्यांनीं खतांच्या दोन वांटण्या केल्या, धाकटे बंधु कान्होबा यांची वांटणी त्यांच्या स्वाधीन केली आणि फक्त स्वतःची वांटणी नदींत सोडली. आपण ह्या गोष्टींतील वैराग्याचें कौतुक करतों. आम्हांस त्या दोन वांटण्यांचें कौतुक अधिक वाटतें. विरक्तीच्या लाटेंतही ज्याला आपलें कोणतें व भावाचें कोणतें याचा विसर पडला नाहीं, त्याचें औदार्य खरें. स्वतःचें येणें मनुष्यानें खुशाल सोडावें. दुसऱ्याचें देणें सोडण्याचा अधिकार त्याला नाहीं.

निघतांना अण्णांचें बरेंच येणें बाकी होतें. ज्यांना शक्य होतें त्यांच्याकडून त्यांनीं तें मागून घेतलें, संकोच केला नाहीं. गिरणीवाल्या बाईंच्या नांवावरची बाकी त्यांनीं काट मारून मिटविली. पण त्यांच्या हाताखालीं सहा वर्षें काम शिकणारा एक मुलगा होता. त्याच्याबाबत काट मारतां येत नव्हती. धंद्यांतला शागीर्द पगाराच्या भरंवशावर राहत नाहीं, उद्यां आपणही असेच बसूं ह्या आशेवर राहतो. ती आशा धंदा बंद होतांच बुडते. अण्णांनीं एका हिशेबनीसाशीं बोलून त्याची सोय लावली, दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला आणि जीं गिऱ्हाइकें त्या मुलाबरोबर जावयास तयार होतीं त्यांना तसें जाऊं दिलें. उदार म्हणवून घेण्यासाठीं गिऱ्हाइकांची बाकी सोडावयाची आणि शागिर्दाला रस्त्यावर सोडावयाचें, अशीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. तीं दुसऱ्याच्या वांटणीचीं खतें नदींत टाकतात.

शेवटचें देणें स्वतःचें स्वतःला. धंदा सोडून नोकरींत आलेल्या मनुष्याला दोन खोड्या लागण्याचें भय असतें. एक, नव्या धन्याला बरें वाटावें म्हणून जुन्या धंद्याची व जुन्या गिऱ्हाइकांची नालस्ती करण्याची. दुसरी, कचेरींत बसून उठल्यासुटल्या "आम्ही कोणाचे ताबेदार नव्हतों" असें सांगत राहण्याची. पहिलीनें मागच्यांचा अपमान होतो, दुसरीनें पुढच्यांचा. अण्णांच्या एका मित्रानें त्यांना तोंडावर विचारलें, "ह्या वयांत गुलामगिरी कां पत्करलीस?" अण्णा म्हणाले, "पूर्वीं चाळीस जणांच्या मुदती माझ्या उशाशीं असत. आतां सहा वाजतां घरीं येतों आणि मुलीशीं बोलतों." ह्या उत्तरांत नोकरीची बढाई नाहीं आणि धंद्याची निंदाही नाहीं. त्यांनीं एक बंधन सोडून दुसरें घेतलें, आणि दोन्हींचें वजन त्यांना ठाऊक होतें.

म्हणूनच स्वातंत्र्याची आपली नेहमींची व्याख्या आम्हांस अपुरी वाटते. ज्याच्या डोक्यावर धनी नाहीं तो स्वतंत्र, असें आपण म्हणतों. पण ज्याला आपलीं देणीं दुसऱ्यानें दाखवून द्यावीं लागतात, तो धनी नसतांनाही परतंत्रच असतो. त्याला फक्त अजून कोणी विचारलेलें नसतें. आपण कोणाचें काय लागतों हें ज्याला न विचारतां दिसतें, आणि मागणारा दारीं येण्यापूर्वीं जो तें फेडावयास निघतो, तो कचेरीच्या खुर्चींत बसला तरी त्याचें स्वातंत्र्य कोणी हिरावून घेत नाहीं. स्वतःचा धंदा हें ह्या गुणाचें शिक्षण आहे, आणि तें शिक्षण अंगीं मुरलें कीं नाहीं याची परीक्षा धंदा चालतांना होते त्यापेक्षां तो सोडतांना अधिक होते.

भागीदारी मोडली तर कायदा जाहीर सूचना मागतो. १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणें अशी सूचना देईपर्यंत जुन्या भागीदारांची तिऱ्हाइताकडची जबाबदारी सुटत नाहीं. एकट्या धंदेवाल्याला असें बंधन नाहीं. तरी अण्णांच्या माडीच्या जिन्यापाशीं मार्च महिनाभर एक कागद चिकटविलेला होता. त्यावर त्यांच्या रेखीव अक्षरांत लिहिलें होतें कीं येथील काम ३१ मार्चला बंद होईल, सर्वांनीं आपापल्या वह्या व कागद तपासून घेऊन जावे, चूक आढळल्यास पुढेंही घरीं येऊन सांगावें, दुरुस्त करून मिळेल. खालीं घरचा पत्ता होता. तो कागद कोणी मागितला नव्हता आणि कोणी मंजूरही केला नाहीं. पण ज्याला आम्हीं आरंभीं राजीनामा म्हटलें, तो हाच. आणि तो ज्यांच्या हातीं द्यावयास हवा होता, त्यांनीं तो जिना चढतां उतरतां वाचला.